तुमच्या माळ्यावर एक रॉक शो पडून आहे

मुंबई-पुण्यात ऐंशी-नव्वदच्या दशकांत रॉक ऐकत मोठे झालेल्या आणि आता त्या शोंच्या आठवणी एकमेकांना सांगत बसणाऱ्या सर्व श्रोतेमंडळींना,

स. न.

या पत्रात एक विनंती आहे आणि थोडी कुरकुरही आहे. कुरकुर आधी उरकून घेतो.

धोबी तलावचं रंगभवन, सेंट झेवियर्सच्या बाजूचं ते उघडं नाट्यगृह, मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना मुकलं त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शैक्षणिक संस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्रात टाकला. रंगभवनाच्या अंगालाच कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा रुग्णालय. तिथे मार्शलचे अँप्लिफायर कोण लावू देणार? फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाची सुरुवातीची वर्षं या जागेत गेली. रॉक मशीन हा बँड तिथे वाजवायचा, आणि त्याच्या आधी संध्याकाळी पाचच्या उन्हात वाजवून गेलेली कितीतरी कॉलेजची पोरं, ज्यांची एक ओळही कुठे छापून आलेली नाही.

रॉक मशीनचं एक बरं आहे. १९८४ ला सुरू झालेला बँड, १९८८ आणि १९९० चे दोन अल्बम, १९९३ पासून इंडस क्रीड हे नाव, गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर यांच्या मुलाखती. त्यांचा कागदोपत्री माग लागतो. पण ते मंचावर कसे वाजत होते, कुठलं गाणं किती लांबवत होते, दुसऱ्यांची कुठली गाणी घेत होते, हे अल्बमवरून कळत नाही. उन्हात वाजवून गेलेल्या पोरांचा तर अल्बमही नाही. त्या संध्याकाळचा पुरावा कुठे असेल तर तो तुमच्याकडे. कुणीतरी खिशातल्या वॉकमन-रेकॉर्डरवर किंवा मांडीवरच्या टू-इन-वनवर भरलेली नव्वद मिनिटांची कॅसेट, पाकिटात जपलेलं अर्धं तिकीट, कोडॅकच्या पिवळ्या पाकिटातल्या निगेटिव्ह.

आणि तुम्ही त्याचं काय करता? तिकिटाचा तिरका फोटो काढून खाली ‘काय दिवस होते यार’ असं लिहिता. त्यावर चाळीस जण ‘मीही होतो’ म्हणतात आणि विषय संपतो. तारीख नाही, आधी कोण वाजलं ते नाही, गाण्यांचा क्रम नाही. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात वाजवून गेले, त्या रात्री तिथे होतो असं सांगणारे सगळे एकत्र केले तर वानखेडे भरेल. त्याच मुंबई मुक्कामात त्यांनी इथल्या वादकांबरोबर स्टुडिओत जे ध्वनिमुद्रण केलं, ते ४३ वर्षांनी, २०१५ मध्ये, अधिकृतपणे बाहेर आलं, कारण टेप कुणीतरी सांभाळून ठेवली होती. क्लबातली रात्र मात्र सांगोवांगीच राहिली.

आता विनंतीकडे वळतो. आठवण सांगा, पण पडताळता येईल अशी सांगा. आणि कॅसेट येत्या मृगाच्या आत संगणकावर उतरवून घ्या.

आठवणीचं आधी. स्मृती दोन शो एकमेकांत मिसळते, यात लाजण्यासारखं काही नाही. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचं उदाहरण घ्या. ते बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर १७ मार्च २००७ ला वाजले, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात १ फेब्रुवारी २००८ ला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा बेंगळुरूला. तिन्हींना गेलेले लोक हमखास गल्लत करतात. सोडवायची कशी? पहिला प्रश्न, ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे तेरा-साडेतेरा मिनिटांचं गाणं ऐकल्याचं आठवतं का? आठवत असेल तर तो २००७ चा शो नव्हे, तेव्हा ते नव्या अल्बमची गाणी घेऊन फिरत होते. २००८ चा दौरा जुन्या गाण्यांचा, आणि त्याची सुरुवातच मुंबईत झाली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत आला तो हाच. दुसरा प्रश्न वाराचा. १७ मार्च २००७ शनिवार होता, १ फेब्रुवारी २००८ शुक्रवार. ‘ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो’ असं आठवत असेल तर मुंबई. ‘रात्रीच्या व्होल्व्होने निघून सकाळी पोहोचलो’ असेल तर बेंगळुरू, आणि २००७ की २००९ ते पहिल्या प्रश्नावरून कळेल. रोलिंग स्टोन्स ब्रेबर्नवर वाजले ती ७ एप्रिल २००३ ची रात्र सोमवारची होती. कुणी ‘त्या रविवारी’ म्हणालं की समजावं, कुठेतरी घोळ आहे.

जुन्या, कुठेच नोंद नसलेल्या शोंसाठी असे आधार स्वतः शोधावे लागतात. तेव्हा कितवीत होता, परीक्षा झाली होती की व्हायची होती, गणपती बसले होते का, पाऊस होता का, परतताना शेवटची कर्जत मिळाली की फलाटावर रात्र काढली. इंडिपेंडन्स रॉक पंधरा ऑगस्टच्या आसपास व्हायचा. त्यामुळे कोरड्या, थंडीच्या संध्याकाळची आठवण असेल तर बहुधा ती एखाद्या कॉलेज महोत्सवाची, मूड इंडिगोची वगैरे. मंचावर कोण कुठे उभं होतं ते लिहा. तुम्ही कुठे होता तेही लिहा, कारण डाव्या स्पीकरच्या पायाशी उभ्या माणसाला ‘कीबोर्ड ऐकूच आला नाही’ हे खरंच वाटलेलं असतं. आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कशावरून सांगताय ते एका शब्दात टाका: तिकीट, डायरी, फोटो, नुसती आठवण, दुसऱ्याने सांगितलेलं. हा एक शब्द पुढच्या माणसाची दोन तास डोकेफोड वाचवतो.

आता कॅसेट. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही हौसेने लगेच वाजवून बघण्यामुळे.

कॅसेट सापडली की ती डेकमध्ये टाकू नका. खिडकीसमोर धरून आत बघा. रिळाच्या कडेवर पांढरी पावडर, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. आपल्या किनारपट्टीच्या दमटपणात माळ्यावरच्या दर चार-पाच कॅसेटींत एखादी तरी अशी निघाली तर नवल मानू नका. बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली की ती हेडवर आणि रबरी रोलरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो. अशी कॅसेट वेगळ्या झिप-पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर आठवडाभर ठेवा. उन्हात वाळवू नका. कवच वाकतं आणि मग रीळ घासत फिरतं. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर तिथूनही हलवा, त्यांच्या वाफेने कॅसेटच्या पारदर्शक डब्या मऊ पडतात, चिकटतात. वाळल्यावर ती एखाद्या फेकायच्या लायकीच्या डेकमध्ये पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा, टेपेच्या कडेला धागे न सुटणारं मऊ कापड अलगद टेकवून. तोंडाला मास्क लावा, आणि हे काम गॅलरीत करा, बेडरूममध्ये नको.

मग कॅसेटच्या तोंडाशी बघा. मधोमध तांबूस पट्टीवर फेल्टचा चौकोनी तुकडा असतो, तो टेप हेडवर दाबून धरतो. तीस वर्षांत त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा पडून जातो. मग आवाज बसलेला येतो, झांजा गायब होतात, आवाज येतो-जातो. लोकांना वाटतं टेप खराब झाली. टेप ठीक असते, तिला नवं घर हवं असतं. पाच स्क्रूंची कुठलीही चांगली कॅसेट घ्या, तिचं कवच उघडा, त्यातलं रीळ काढून आपलं ठेवा. उघडण्याआधी दोन्ही कवचांचे फोटो काढा; टेप कुठल्या चाकाच्या कुठल्या बाजूने जाते हे नंतर आठवत नाही. आतले पातळ घसरपट्टीचे कागद टाकून देऊ नका, त्यांच्याशिवाय रीळ कवचाला घासून चिंचिं करतं. जुनं कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर जोडावर ब्लेडची पाठ ठेवून हळूच फोडावं लागतं. तुटलेली टेप जोडायला सेलोटेप वापरू नका, तिचा गोंद बाहेर पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. कॅसेटच्या रुंदीची, ३.८१ मिलिमीटरची स्प्लायसिंग टेप मिळते, तीच हवी.

जाडीचंही भान ठेवा. साठ मिनिटांच्या कॅसेटची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड, नव्वदची १२, एकशेवीसची जेमतेम ९. पूर्ण शो एका कॅसेटमध्ये मावावा म्हणून त्या काळी अनेकांनी एकशेवीसची आणली. ती ताणली जाते, रोलरला गुंडाळली जाते. तिला मध्येच थांबवणं, मागे-पुढे करणं टाळा. एकदा लावली की बाजू संपेपर्यंत हात लावायचा नाही.

डेक कुठला? यूएसबीचा हजार-दोन हजाराचा प्लेअर अजिबात नको. त्यांची मोटर डुलते, आवाज लाटांसारखा वरखाली होतो, आणि हा दोष नंतर काढता येत नाही. जुना, धड चालणारा, मोठा कॅसेट डेक शोधा. त्यातले रबरी पट्टे बहुधा डांबरासारखे वितळलेले असतील. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मापाचे पट्टे विचारले तर मिळतात, जुना तुकडा बरोबर न्या. हेड आणि त्याशेजारचा गुळगुळीत धातूचा दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाची काडी तपकिरी होणं थांबेपर्यंत. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं.

आता ते एक काम जे जवळपास कुणीच करत नाही आणि ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो: हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ. तुमची कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचं हेड एका कोनात होतं, तुमच्या आजच्या डेकचं दुसऱ्या. केसाएवढा फरक असला तरी वरच्या पट्टीतले आवाज एकमेकांना खातात आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. आवाज मोनो करा, टाळ्यांचा किंवा झांजांचा भाग लावा, आणि स्क्रू अगदी थोडा-थोडा दोन्हीकडे फिरवत जिथे टाळ्या सगळ्यात कोरड्या, टोकदार ऐकू येतात तिथे थांबा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त क्वचितच लागतो. हे प्रत्येक कॅसेटला, कधीकधी बाजू पालटल्यावर पुन्हा करावं लागतं. कंटाळवाणं आहे, कबूल. पण ‘क्वालिटी तेव्हाच खराब होती’ म्हणून बाजूला टाकलेल्या अनेक कॅसेटी एवढ्यानेच उघडतात.

डॉल्बीचं, म्हणजे टेपेची हिस (सुसकारा) कमी करणाऱ्या सोयीचं, बटण अंदाजाने दाबू नका. खिशातल्या रेकॉर्डरवर भरलेल्या मूळ कॅसेटींत ते बहुधा नसतंच. कुणाकडून डब करून घेतलेल्या प्रतींत असू शकतं. कॅसेटच्या कागदावर बी किंवा सी अशी खूण असेल तर त्याप्रमाणे, आणि शंका असेल तर डॉल्बी बंद ठेवून उतरवा व तसं लिहून ठेवा. टेपेचा प्रकारही बघा, डेकवरचं बटण त्याप्रमाणे (१२० किंवा ७० मायक्रोसेकंद) लावायचं असतं. टीडीके डी, सोनी एचएफ या साध्या, १२० मायक्रोसेकंदांच्या. टीडीके एसए क्रोमच्या जातीची, ७० च्या. चुकीचं लावलं तर आवाज उगाच चरचरीत किंवा बसका येतो.

डेकच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी वायर थेट ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकात आवाज घेणाऱ्या छोट्या पेटीच्या) लाइन-इनला. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालू नका, तिथलं माइक-इन मोनो असतं आणि फाटकं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, अर्धा घूंऽऽ आवाज तिथेच थांबतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. शोचा सगळ्यात दणदणीत भाग आधी लावून पातळी ठरवा, काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि मग शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. नव्वद मिनिटांची फाइल दीड जीबीच्या आसपास होते. फ्लॅक या फाइल-प्रकारात दाबली की निम्म्याच्या जवळपास, काहीही न गमावता.

वेगाची गंमत वेगळीच आहे. शोमध्ये रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा. सेल उतरत गेले की मोटर मंदावते, टेप हळू सरकते, आणि तीच टेप आज नीट वेगाने वाजवली की शोच्या शेवटी सगळे घाईत, चढ्या सुरात गाताना ऐकू येतात. म्हणजे पहिलं गाणं बरोबर आणि शेवटचं अर्ध्या सुराने वर, असं असेल तर बँडला दोष देऊ नका. दुरुस्ती करताना नुसता सूर खाली आणू नका, वेग कमी करा, म्हणजे सूर आणि लय दोन्ही एकत्र जागेवर येतात. पण कशाशी जुळवायचं? गिटारशी नको. हार्ड रॉकवाले अनेकदा अर्धा सूर उतरवून लावतात आणि अर्धा सूर म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्के. कीबोर्ड असेल तर त्याच्याशी जुळवा. नसेल तर गाण्यांमधल्या शांततेत अँप्लिफायरचा हम, म्हणजे विजेचा घूंऽऽ आवाज, शोधा, तो ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला असतो. इथेही सावध: त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारिताच स्थिर नसायची, हर्ट्झ-दीड हर्ट्झ इकडेतिकडे व्हायची, त्यामुळे हमवरून ढोबळ अंदाजच निघतो. शिवाय तो हम तुमच्या आजच्या जोडणीचा तर नाही ना, हे कॅसेट थांबवून अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड करून आधी बघून घ्या.

स्वस्त रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय असायची. ड्रमचा एक ठोका पडला की बाकी सगळं दबतं आणि हळूहळू वर येतं, जणू बँड श्वास घेतोय. त्याला हात लावू नका. हिस काढण्याच्या नादात झांजा धुतल्या जातात, त्यालाही लावू नका. जे काय सजवायचं ते प्रतीवर, मूळ फाइल कच्चीच ठेवा. पाच-दहा वर्षांनी त्याच फाइलमधून कुणी जास्त चांगलं काढेल.

बाजू पालटताना गाणं तुटलंय? तुटू द्या. दुसऱ्या शोमधला तुकडा लावून शिवू नका. शो सुरू व्हायच्या आधीचा गोंगाट, ‘हॅलो, वन टू’, मागच्या रांगेतला मराठी शिव्यांचा वर्षाव, निवेदकाने चुकीचं उच्चारलेलं बँडचं नाव हे कापू नका. बँडचं नाव आणि क्रम कधीकधी फक्त तिथेच सापडतो.

फाइलबरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवायची. बँड, तारीख, जागा, गावाचं नाव; तारखेतला दिवस माहीत नसेल तर तिथे दोन शून्यं. कुठल्या यंत्रावर भरलं, ही मूळ कॅसेट की डब, डब असेल तर कितवी पिढी, म्हणजे मुळापासून कितवी प्रत. कुठल्या डेकवर वाजवली, डॉल्बी काय, वेग बदलला का, किती. गाण्यांची यादी, ओळखू न आलेल्या गाण्यापुढे प्रश्नचिन्ह आणि त्याची पहिली ऐकू आलेली ओळ. फायलींची नावं रोमन अक्षरांत, वर्ष आधी, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात, नाशिकच्या मावशीकडे चालेल. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल तिथे पुन्हा दाबली जाण्याची भीती असते.

हे सगळं वेडगळ वाटत असेल तर ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांकडे बघा. त्या बँडने रेकॉर्ड करणाऱ्यांना हाकललं नाही. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर ध्वनिनियंत्रकाच्या मागे त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखली. अट एकच, विकायचं नाही, अदलाबदल करा. श्रोत्यांनी तारीख, जागा, यंत्र, पिढी लिहिण्याची शिस्त लावून घेतली आणि म्हणून त्यांचे हजारो शो आज तारीखवार ऐकता येतात. लॉस एंजेलिसला माइक मिलर्ड नावाचा एक श्रोता होता. तो सत्तरच्या दशकात नाकामिची ५५० हा वजनदार रेकॉर्डर व्हीलचेअरमध्ये लपवून आत न्यायचा. लेड झेपेलिनच्या १९७७ च्या तिथल्या शोची त्याने भरलेली टेप आजही लोक कान टवकारून ऐकतात. तो चांगली यंत्रं वापरायचा हे खरं, पण मूळ टेप त्याने नीट ठेवल्या हेही तितकंच खरं.

आपल्याकडे रेकॉर्ड करणारा आणि वाजवणारा यांच्यात असा करार कधी झालाच नाही, म्हणून ही जबाबदारी आता घ्यावी लागेल. कायद्याने कलाकाराला आपल्या प्रयोगावर ५० वर्षांचा हक्क दिलेला आहे. स्वतःपुरतं ऐकायला उतरवून ठेवणं वेगळं, चारचौघांत टाकणं वेगळं. टाकण्याआधी बँडमधल्या एकाला तरी गाठा. ही माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत, बँकांत, जाहिरात कंपन्यांत, काही मेलबर्न नाहीतर टोरांटोत. त्यांच्याकडे बहुतेक वेळा स्वतःचीच प्रत नसते. फाइल आधी त्यांना पाठवा, गाण्यांची नावं त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि ‘नको’ म्हणाले तर नको.

तिकीट आणि फोटोंचं थोडक्यात. तिकीट दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागच्या बाजूला छापलेली प्रायोजकांची नावं आणि गेट क्रमांक यांवरून तारीख पक्की होते. २००० नंतरची अनेक तिकिटं थर्मल कागदाची आहेत, ती फिकी पडत चालली आहेत. लॅमिनेट करायला दिलीत तर उष्णतेने क्षणात काळी होतील. आधी स्कॅन करा, मग अंधारात कागदी पाकिटात ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोमागून करवतीसारखा सरकवा. निगेटिव्ह असतील तर प्रिंटपेक्षा त्याच स्कॅन करा, संपूर्ण पट्टी क्रमाने, हललेल्या फ्रेमसकट. क्रमावरून कोण आधी वाजलं ते कळतं.

आणि नवं-जुनं संगीत एकमेकांना सुचवतानाही जरा नेमकेपणा येऊ द्या. ‘हा बँड ऐक, वेडा होशील’ एवढ्यावर कुणी ऐकत नाही. सिम्ला सिगारेटच्या नावाने झालेल्या अखिल भारतीय बीट स्पर्धांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या, त्यांत देशभरच्या बँडची गाणी आहेत, हे सांगितलंत तर शोधायला सुरुवात तरी करता येते. पुढे जाऊन कुठली बाजू, कितवं गाणं, कितव्या मिनिटाला गिटार येते आणि तिथे काय ऐकायचं, हेही सांगा. एका वेळी एकच गाणं. लाइव्ह सुचवत असाल तर बँडचं नाव पुरत नाही, तारीख हवी. एकाच बँडची मंगळवारची रात्र आणि गुरुवारची रात्र यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ऱ्हिदम हाउसच्या काउंटरपलीकडची माणसं गिऱ्हाइकाला नेमकं हेच विचारायची, काय ऐकतोस आणि त्यातलं काय आवडतं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. ते काम आता आपल्यापैकीच कुणीतरी करायचं आहे.

आज शोला जाणाऱ्या तुमच्या मुलांनाही एवढं सांगा. चाळीस-चाळीस सेकंदांच्या वीस क्लिपांपेक्षा एक गाणं पूर्ण घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाकून, माइकच्या भोकावर बोट न ठेवता. स्पीकरच्या तोंडाशी फोनचा माइक फाटतो, ध्वनिनियंत्रकाच्या तंबूजवळ उभं राहिलं तर बरंच निभतं. मूळ फाइल ठेवा, तिच्यात तारीख-वेळ असते. सोशल मीडियावरून परत उतरवलेल्या प्रतीत नसते. आणि कानात इअरप्लग घाला, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने कामाचे आहेत. पावसाळ्यात कॅसेटची पेटी उघडलीत तर आतली कोरडी हवा जाते आणि जूनमध्ये बसलेली बुरशी ऑक्टोबरात दिसते. आठवड्याला दोन कॅसेटी, एवढाच वेग धरा. एका बाजूला पाऊण तास, अधिक साफसफाई, ॲझिमथ, लिहिणं. एका कॅसेटला अडीच तास धरून चाला.

आणि सुरुवात रंगभवनच्या कॅसेटपासून करू नका. घरात नक्की एखादी जाहीर भाषणाची नाहीतर इंग्रजी संभाषण शिकवणारी कॅसेट पडलेली असेल. पहिला स्क्रू तिचा उघडा, पहिला ॲझिमथ तिच्यावर चुकवा, पहिली टेप तीच गुंडाळू दे. तिसऱ्या-चौथ्या कॅसेटला हात बसेल, मग ती रंगभवनची काढा.

आपले,
तुमच्याच रांगेत उभे असलेले काही श्रोते